पाहुण्याचं कडवं

दौंडच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला न्यायला जीप आली तेव्हा भागुबाई भाकरी थापत होती आणि ती उठली नाही. जीपला थांबता येतं, तव्यावरच्या भाकरीला येत नाही, असं तिचं म्हणणं. दारात सत्यजीत सर उभे होते. पुण्याचा माणूस, अंगात खादीचा झब्बा, पायात करकरीत कोल्हापुरी, आणि बोलताना दर दुसऱ्या वाक्यात ‘मौखिक परंपरा’. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या वस्त्या पालथ्या घालून त्यांनी जुन्या गायन पार्ट्यांचं सामान गोळा केलं होतं. ढोलक्या, फुटक्या पेट्या, कॅसेटी, कार्यक्रमांच्या पत्रिका, मिळेल ते. भागुबाईच्या मते त्यांनी लोकांच्या माळ्यावरची अडगळ फुकटात साफ करून दिली होती आणि तेवढं एक काम चांगलं झालं होतं.

“शाहीर म्हाळूंचा वारसा आज आपण जतन करतोय, आजी,” सर म्हणाले.

“व्हय का? मंग त्यो जित्ता व्हता तवा कुठं व्हते तुम्ही?”

“तेव्हा मी शाळेत होतो.”

सर खरं बोलले होते, पण भागुबाईला खऱ्या उत्तरांचा जास्त राग यायचा. तिनं भाकरी उलटली आणि नात गौतमीला हाक मारून लुगडं काढायला सांगितलं.

म्हाळू तिचा नवरा. कवठे येमाईतल्या बौद्ध वस्तीतली त्याची गायन पार्टी एके काळी जयंतीच्या दिवसांत महिनाभर घरी येत नसे. म्हाळू गाणी रचायचा आणि गायचा, बन्सी ढोलकी वाजवायचा, आणि मागं कोरसला भागुबाई आणि मालनबाई. मोठ्या दुष्काळात ही सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. तिथंच म्हाळूनं त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं केलं. ‘खडी फोडली आमी, सडक झाली कुणाची’ हे त्याचं ध्रुपद. आता म्हाळू जाऊन बरीच वर्षं झाली होती, बन्सी आणि मालनबाईही गेले होते, आणि वस्तीतल्या जयंतीला डीजे यायचा. डीजेबद्दल भागुबाईला काही बोलायचं नव्हतं. त्याचा निदान आवाज तरी मोठा होता.

गौतमी रांजणगावच्या कंपनीत शिफ्टवर जायची. आज तिनं रजा टाकली होती. जीपमध्ये बसल्यावर तिनं आजीला बजावलं, “आजी, तिथं गेल्यावर कुणाला घालूनपाडून बोलू नको. सरांनी लय कष्ट घेतल्यात.”

“मी कशाला बोलू? मी काय शाहीर हाय?” भागुबाई म्हणाली आणि न्हावरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

दौंडचं संग्रहालय म्हणजे एका नव्या इमारतीचा खालचा मजला. खाली शाहीर, वर मंगल कार्यालय. दारात रांगोळी, फीत, फेटे बांधायला एक माणूस. अध्यक्षस्थानी एक साखरसम्राट होते. ज्या घराच्या दारावरून म्हाळूच्या पार्टीला वाजवत जायची मनाई होती, त्याच घरातला हा नातू, आणि आता तो भाषणात ‘आमचे म्हाळूबाबा’ म्हणत होता. भागुबाईनं शेजारी बसलेल्या गौतमीला ऐकू जाईल असं विचारलं, “ह्याचा कोण लागत व्हता गं म्हाळू?” गौतमीनं तिचा हात दाबला. भाषण संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागुबाईनंही दोन वाजवल्या, कारण माणूस एकदाचा खाली बसला होता.

मग सगळे आत गेले. काचेच्या पेट्या, पेट्यांवर पिवळे दिवे. एका पेटीत चपलांचा जोड होता आणि खाली ‘शाहीर म्हाळू यांची पादत्राणे’ अशी पाटी. त्या चपला भागुबाईच्या भावाच्या. तो एकदा सासरवाडीला जायच्या घाईत तिच्या घरी विसरून गेला होता. म्हाळूनं जन्मात चप्पल टिकवली नव्हती. फोटो काढायला आलेल्या दोन मुली त्या चपलांपुढं हात जोडून उभ्या राहिल्या, आणि भागुबाईला भावाच्या पायांना येणारा वास आठवला. दुसऱ्या पेटीत तिच्या घरची मोडकी बाजाची पेटी होती, जिच्या आत उंदरांनी घर केलं होतं. ती आता पॉलिश होऊन इतकी चकाकत होती की उंदरांनीसुद्धा ओळखली नसती.

शेवटची मोठी भिंत म्हाळूची. ‘खडी फोडली आमी’ पूर्ण गाणं पितळी अक्षरांत. लोक मान वर करून वाचत होते. भागुबाईला वाचायला फारसं येत नव्हतं, म्हणून सत्यजीत सर स्वतः मोठ्यानं वाचायला लागले. पहिली कडवी बरोबर होती. सर वाचतायत म्हटल्यावर त्यांत काही जीव नव्हता, पण शब्द बरोबर होते. मग शेवटचं कडवं आलं:

आलं गेलं पाव्हणं, त्याला चहा पाजा,
कपबशी फुटकी, तरी वाजवा बाजा,
म्हाळू म्हणे ऐका, ह्योच खरा राजा.

भागुबाई हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग तिला आवरेना. पदर तोंडात कोंबून ती भिंतीला टेकली.

“आजी, काय झालं?” सर घाबरले. त्यांनी या कडव्यावर एक लांबलचक लेख लिहिला होता. फुटक्या कपबशीत त्यांना अख्खी जातव्यवस्था दिसली होती. लेखाला कुठलंसं पारितोषिकही मिळालं होतं.

“आवो सर, हे पाव्हण्याचं कडवं हाय!”

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना तिला फार मजा आली. त्या काळात पार्ट्या एकमेकींची गाणी पळवायच्या. आज कवठ्यात गायलेलं गाणं चार दिवसांनी दुसऱ्या गावात दुसऱ्याच शाहिराच्या नावावर वाजायचं. म्हणून म्हाळूची रीत ठरलेली. गाण्याचं खरं शेवटचं कडवं कागदावर उतरवायचं नाही आणि परक्या कानांपुढं म्हणायचं नाही. गर्दीत कुणी अनोळखी बसलेला दिसला की बन्सी ढोलकीच्या काठावर बोटानं टकटक करायचा, आणि म्हाळू शेवटच्या कडव्याच्या जागी हे असलं काहीतरी चहाचं, पाहुण्याचं, तोंडाला येईल ते जोडून द्यायचा. वस्तीतली माणसं गालात हसायची. परका बिचारा तेच पाठ करून घरी जायचा. खरं कडवं फक्त वस्तीतल्या जयंतीला, आपल्या माणसांत.

“तुमच्यासारखं टेप घिऊन जे कोण आलं, त्या समद्यांला त्यानं चहा पाजला,” भागुबाई म्हणाली. “म्हंजी तुमच्या कॅसेटीत समदा चहाच आसंल.”

कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा पडला. फुटक्या कपात चहा भागुबाईनं खरोखर प्यायला होता, रस्त्याच्या मुकादमाच्या दारात, आणि त्यावर म्हाळूनं वेगळी दोन गाणी केली होती. ती दोन गाणी त्या भिंतीवर नव्हती, त्या इमारतीतही नव्हती. पण पाहुण्याची खोडी काढायला केलेली ओळ पितळेत बसली होती. विद्वान माणसाला आपण खरंच विद्वान आहोत असं वाटायला लागलं की त्याचं असं होतं.

पण सत्यजीत सर एका बाबतीत वाखाणण्यासारखे होते. त्यांना लाज वाटायची आणि ती ते लपवत नसत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाले, “आजी, माझं चुकलं. भिंत बदलू. खरं कडवं म्हणा.”

अध्यक्ष सरसावले. कॅमेरे वळले. भागुबाईनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही.

तिनं पुन्हा ध्रुपदापासून सुरुवात केली. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली. तिथं नुसती जागा होती. तिनं ते कडवं कधी गायलंच नव्हतं. शेवटचं कडवं म्हाळू एकटा म्हणायचा, कोरस गप्प राहायचा आणि पुढचं ध्रुपद उचलायला श्वास भरून ठेवायचा. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या कडव्यात ती होती. पहिल्यांदा म्हाळूनं ते वस्तीत म्हटलं तेव्हा बायका वळून तिच्याकडं बघायला लागल्या होत्या, मालनबाईनं कोपर मारलं होतं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हाळूनं घरात तिच्याविषयी कधी एक गोड शब्द काढला नाही. मीठ जास्त पडलंय, लुगडं नीट नेस, चल उशीर होतोय, हे त्याचं बोलणं. जे काय बोलला ते त्या कडव्यात. आणि ते कडवं तिला येत नव्हतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आजींना गहिवरून आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी तिला शाल पांघरली, नारळ दिला आणि फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मूर्ख माणसांत आपण याआधी कधी उभं राहिलो नव्हतो, असं भागुबाईला वाटलं, आणि त्या मूर्खांत तिनं स्वतःला पहिलं धरलं.

जीपमध्ये बसल्यावर ती म्हाळूवर घसरली. “लय हुशार! कागदावर न्हाई लिवायचं, कुनापुढं न्हाई म्हनायचं. चोराच्या भ्यानं घराला कुलूप लावलं आन् किल्ली घिऊन सोता सरणावर जाऊन पडला!”

“दुसरं कुणी ऐकलेलं नाही का?” पुढच्या सीटवरून सरांनी विचारलं. “वस्तीबाहेरचं कुणी?”

वस्तीत ते ऐकलेली जुनी माणसं एकेक करून गेली होती. पाटस मागं पडलं, वरवंड मागं पडलं. चौफुल्याला जीप शिरूरच्या रस्त्याला वळायला लागली तशी भागुबाई एकदम म्हणाली, “सरळ घ्या. भांडगावला.”

भांडगावला हौसराव होता. म्हाळूच्या तोडीचा शाहीर, निदान हौसराव तसं म्हणायचा. दोघांच्या पार्ट्यांचे सामने व्हायचे, सवालाला जवाब, आणि सामना सुटला की दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत. एका जयंतीला हा हौसराव कवठ्याच्या वस्तीत घोंगडी पांघरून गर्दीत बसलेला सापडला. खरं कडवं होऊन गेलं होतं, बन्सीला तो दिसलाच नव्हता. लोकांनी घोंगडी ओढली आणि मग जे व्हायचं ते झालं. पुढं कळलं, तो त्याआधीही दोन-तीन वर्षं असाच येऊन गेला होता. तेव्हापासून भागुबाईच्या तोंडी त्याला एकच नाव, चोर. संग्रहालयाच्या लोकांनाही तिनंच सांगितलं होतं, भांडगावला जाऊ नका, तिथं समदा चोरीचा माल हाय. सरांनी ऐकलं होतं. म्हणून दौंडच्या त्या इमारतीत हौसरावाची पिपाणीसुद्धा नव्हती.

हायवेच्या कडेला, लिंबाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत हौसराव बसला होता. पांढरा सदरा, गुडघ्यावर टॉवेल, दृष्टी अधू. पुढून ट्रक जात होते आणि तो मान हलवत होता, जसं काही ते ट्रक त्याला विचारूनच सोडले होते. सुनेनं खुर्च्या आणल्या. भागुबाई बसली नाही.

“कोण हाय?” हौसरावानं विचारलं.

“गौतमी, त्याला सांग, म्हाळू शाहिराची बायको आलीया,” भागुबाई म्हणाली. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं.

“गौतमी का कोण ती, तिला सांग, आवाजावरनं वळखलं,” हौसराव म्हणाला. “आजून तसाच हाय. कातरीवानी.”

गौतमीनं सरांकडं बघितलं. सरांनी सगळी हकिगत सांगितली. भिंत, पाहुण्याचं कडवं, खरं कडवं कुणालाच येत नाही ते. चहाच्या ओळी ऐकून हौसराव इतका हसला की सुनेनं त्याची पाठ चोळली. “पितळंत?” तो परत परत विचारत होता. “पितळंत बशिवलं? शाबास म्हाळू!”

“त्याला म्हनावं, दात मंग काढ,” भागुबाई कडाडली. “घोंगडी पांघरून न्हेलेलं कडवं हाय का जाग्यावर, का तेबी इकून खाल्लं?”

हौसरावाचं हसू थांबलं. त्यानं रस्त्याकडं तोंड केलं. सरांनी हळूच मोबाईल त्याच्या गुडघ्याजवळ धरला.

“हाय,” तो म्हणाला. “पर मी ते कवाच कुटं गायलो न्हाई. एकदाबी न्हाई. इचारा भांडगावात.”

“गा की मंग आता,” भागुबाई म्हणाली. गौतमीला मध्ये घ्यायचं ती विसरली.

त्यानं मांडीवर बोटांनी ठेका धरला. आवाज पार गेला होता. पण चाल पक्की होती, आणि ध्रुपद म्हणून झाल्यावर तो थेट शेवटाला आला:

म्हाळू पुढं गाई, मागं उभी बाई,
डोळं मिटल्याबिगर सूर लावत न्हाई,
सोललं हात खडीनं, टाळी सोडत न्हाई,
सडक झाली कुणाची, तिनं पुसलं न्हाई.

एक ट्रक गेला, दुसरा गेला.

सर पहिल्यांदा भानावर आले. “अप्रतिम. आणि शाहिराचं नाव आहे यात, म्हाळू पुढं गाई. नाममुद्रा आहे! आजी, भिंत बदलायची. उद्याच. म्हाळूंच्या नावानं, पितळेत. तुम्ही आहात यात आजी. तुमच्यावर आहे हे कडवं.”

गौतमी आजीकडं बघत होती. “आजी, तू खरंच आसंच करतीस,” ती म्हणाली. “मगाशी तिथं गाताना बी डोळं मिटलं व्हतंस.”

“मी?” भागुबाईला हे माहीत नव्हतं. माणसाला स्वतःचे मिटलेले डोळे कुठून दिसणार? ती खुर्चीवर बसली.

हवं ते मिळालं होतं. आयुष्यभर ज्या चार ओळी तिला कुणी दिल्या नव्हत्या त्या समोर होत्या, तिच्या नवऱ्याच्या नावाची मुद्रा असलेल्या. नुसती मान हलवली असती तरी त्या पितळेत बसल्या असत्या, आणि अध्यक्षापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी मान वर करून वाचल्या असत्या की म्हाळू शाहिराचा आपल्या बायकोवर किती जीव होता. तिला ते हवं होतं.

तिनं हौसरावाकडं बघितलं. तो काही सांगत नव्हता आणि काही मागतही नव्हता. हे म्हाळूचं आहे असंही तो म्हणाला नव्हता. हा मेला घोंगडी पांघरून वर्षामागून वर्षं वस्तीत यायचा, लोकांचा मार खाऊन गेला, आणि तो कडवं न्यायला येतच नव्हता, हे तिला आत्ता कळलं. या वयात कळून करायचं काय, म्हणून तिला त्याचाही राग आला. मग म्हाळूचा आला, सगळ्यात जास्त.

“आजी, हेच ना?” सरांनी विचारलं. “म्हाळूंचंच ना? तुम्ही ‘हो’ म्हणा फक्त, रेकॉर्ड होतंय.”

“न्हाई,” भागुबाई म्हणाली. “म्हाळूचं गेलं. आता ते कुनालाच गावायचं न्हाई. हे शाहीर हौसरावांचं हाय. त्यांचं नाव लिवा.”

हौसरावांनी गुडघ्यावरचा टॉवेल उचलून तोंडाला लावला.

“पण आजी,” सर काकुळतीला आले, “यात म्हाळूंचं नाव आहे, तुमचं वर्णन आहे, चाल तीच आहे. दुसऱ्या कुणाचं कसं असेल?”

भागुबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की सरांनी मोबाईल खाली घेतला.

“आवो सर, म्हाळू जलमभर माझ्याकडं पाठ करून गायला. माझं डोळं उघडं व्हतं का मिटल्यालं, त्याला काय म्हाईत?”